दोरीवरचे कपडे आणि रोमचे खांब

रोमच्या भग्नावशेषांचं जुनं फ्रेंच चित्र समोर आलं की मी आधी वाळत घातलेले कपडे शोधते. खांब, कमानी, घुमट नंतर. युबेर रोबेर या अठराव्या शतकातल्या चित्रकाराकडे ते हमखास सापडतात. एका टोकाला कोरिंथियन खांब, दुसऱ्या टोकाला भिंतीतून बाहेर आलेला वासा, मध्ये झोळ पडलेली दोरी. दोरीवर चादर आहे की सदरा, ते सांगता येत नाही. लाल खडूच्या चार तिरप्या रेघा मारून त्यानं बाकीचा कागद कोरा सोडलेला असतो आणि त्या कोऱ्या जागेचाच पांढरा कपडा होतो. खाली कुणी बाई धुणं पिळत असते, शेजारी कुत्रं, पायरीवर पोर. एकेकाळी जिथं सम्राटांच्या नावानं बळी दिले जायचे तिथं आता धुणी वाळतायत, आणि चित्रकाराला यात काही वावगं वाटत नाही.

मलाही वाटत नाही. उलट माझं म्हणणं असं, की या चित्रांतला खरा ऐवज ती धुणीच आहेत. खांबांचं काय, ते आजही उभे आहेत, तिकीट काढून बघता येतात. धुणी गेली.

रोबेरचा जन्म १७३३ सालचा, पॅरिसचा. वडील स्तँव्हील नावाच्या सरदार घराण्याच्या पदरी खासगी नोकर होते. १७५४ मध्ये त्या घराण्यातला मुलगा फ्रान्सचा राजदूत म्हणून रोमला निघाला तेव्हा त्याच्या लवाजम्यात एकविशीतला रोबेरही होता. हाच राजदूत पुढे शुआझलचा ड्यूक झाला, फ्रान्सचा जवळजवळ पंतप्रधानच. रोममध्ये चौदाव्या लुईच्या काळात, १६६६ मध्ये स्थापन झालेली फ्रेंच अकादमी होती. पॅरिसमधली मोठी स्पर्धा जिंकून आलेल्या तरुण चित्रकारांना तिथं राजाच्या खर्चानं राहता यायचं. रोबेरनं ती स्पर्धा कधी जिंकली नाही. त्याला आत घेतलं ते वशिल्यानं. वशिल्याचे असे निकाल लागत असतील तर तक्रार कोण करणार? तो रोममध्ये अकरा वर्षं राहिला.

अकादमीचा संचालक तेव्हा शार्ल-जोसेफ नात्वार होता. माणूस जरा कर्मठच. ईस्टरच्या धर्मविधीचा दाखला आणला नाही म्हणून त्यानं एका विद्यार्थ्याला अकादमीतून काढून टाकलं, विद्यार्थ्यानं खटला भरला आणि जिंकलाही. पण याच नात्वारचे चित्रकलेच्या जगावर मोठे उपकार आहेत. प्लास्टरचे पुतळे आणि राफाएलच्या नकला यांतून पोरांना बाहेर काढून त्यानं उन्हात नेलं. समोर जे आहे ते काढा, म्हणाला. स्वतःही कागद घेऊन त्यांच्याबरोबर बसायचा. अकादमीत यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) शिकवायला पान्निनी होता (आपला व्याकरणकार नव्हे), त्यानं इमारतींची चित्रं काढण्यात हयात घालवलेली. आणि शहरात छापचित्रं करणारा पिरानेसी होता. त्याच्या तांब्याच्या पत्र्यावरच्या रोममध्ये भिंती राक्षसांनी रचल्यासारख्या अंगावर येतात आणि खालची माणसं काडीएवढी, हातवारे करणारी. रोबेरनं त्याच्याकडून भव्यता घेतली, दहशत घेतली नाही.

आता खडूबद्दल, कारण त्याच्याशिवाय या चित्रांचं काहीच उमगत नाही.

लाल खडू म्हणजे लोहाच्या ऑक्साइडनं रंगलेली मऊ, चिकणमातीसारखी खनिज माती. जमिनीतून तिचे गोळे काढायचे, करवतीनं कांड्या कापायच्या, पितळी धारकाच्या टोकाला एक कांडी अडकवायची आणि बाहेर पडायचं. आज आपण वापरतो तसली ग्रॅफाइटची भुकटी आणि माती भाजून केलेली पेन्सिल कोंते नावाच्या फ्रेंच माणसानं १७९५ मध्ये बनवली, म्हणजे रोबेर साठीला आल्यावर. आपला गेरू लाल खडूच्याच कुळातला. तुळशीवृंदावनाला आणि कुंड्यांना लावतो तोच. गेरूचा हात साडीला लागला की काय होतं हे ज्याला माहीत आहे त्याला हे माध्यम निम्मं समजलं. ते पुसलं जात नाही. पावाचा मऊ गर दाबून थोडंफार उचलता येतं, पण मागे गुलाबी छटा राहतेच. त्यामुळे रेघ मारायच्या आधी ती कुठं जाणार हे हाताला ठाऊक असावं लागतं. आणि धसमुसळेपणा चालत नाही, कारण मनगट घासलं की सगळं आकाश लालसर.

म्हणून रोबेरची गती बघताना मी चकित होते. झाडोऱ्याजवळ डोळा नेऊन बघा. कमानीच्या माथ्यावरून लोंबणारी वेल त्यानं पान-पान करून काढलेली नाही. हात न उचलता, एकापुढे एक ३ ३ ३ ३ काढत गेल्यासारखी नागमोडी रेघ आहे, कुठं दाबून, कुठं नुसती टेकवून. दाबली तिथं सावलीतलं पान, टेकवली तिथं उन्हातलं. दगडाला मात्र वेगळा हात आहे: समांतर तिरप्या रेघा, खालून डावीकडून वर उजवीकडे जाणाऱ्या, उजव्या हातानं लिहिणाऱ्याच्या मनगटाला सोयीच्या. कमानीच्या आतल्या बाजूला त्या दाट होतात आणि तिथं कांडी चपटी धरून चोळलेली दिसते. हातकागदाच्या जाळीच्या रेषा त्या चोळलेल्या भागातून वर येतात. एवढ्याच सामग्रीवर दुपारचं ऊन उभं राहतं. एका रंगात. निळा नाही, हिरवा नाही, आणि तरी आकाश निळंच वाटतं.

या रेघांचा तिरकेपणा आणखी एका कामाला येतो. लाल खडूचं चित्र झालं की त्यावर ओलसर कोरा कागद ठेवून दोन्ही दाबयंत्रातून काढायचे. ओल्या कागदावर थोडा खडू उतरतो आणि त्याच चित्राची उलटी, जरा फिकी प्रत मिळते. शिवाय मूळ चित्रावरची सुटी भुकटी निघून जाते, म्हणजे ते पुढे कमी पसरतं. रोबेरनं असे ठसे भरपूर काढले. मूळ एकाला द्यायचं, ठसा आपल्याकडे ठेवायचा किंवा त्यावर पुन्हा पेन, शाई, जलरंग फिरवून नवंच चित्र करायचं. संग्रहालयात एखादं चित्र ठसा आहे की मूळ, हे ओळखायचं तर रेघांची दिशा बघावी. डावरा नसलेल्या माणसाच्या रेघा डावखुऱ्या वाटू लागल्या, खडूला उठाव नसला, सगळं जरा चेपल्यासारखं दिसलं, की तो ठसा. कलोसियमच्या बाबतीत तर आणखी सोपं: त्याची उंच, शाबूत बाजू उत्तरेची. ती भलत्या हाताला गेली की संशय घ्यायचा.

कलोसियमवरून आठवलं. मारी आंत्वानेतचं व्यक्तिचित्र करणारी एलिझाबेथ व्हिजे-लब्रन ही रोबेरची मैत्रीण. तिनं आठवणींत लिहून ठेवलंय, की तरुणपणी मित्रांशी पैज लावून रोबेर कलोसियमच्या अगदी माथ्यापर्यंत चढला. चढताना काही वाटलं नाही, उतरताना जीव मेटाकुटीला आला. पैज कशाची, तर राखाडी कागदाच्या सहा वह्यांची. कागद तेव्हा महाग होता हे खरं, पण मला त्यातली चित्रकाराची हाव जास्त आवडते.

हा कलोसियम तरी कसा होता? आज दिसतो तसा धुतलापुसलेला नव्हे. रोबेर यायच्या चारपाच वर्षं आधी पोप चौदाव्या बेनेडिक्टनं त्याच्या रिंगणात क्रूसाच्या वाटेची चौदा छोटी देवळं बांधवली होती. बाहेरच्या काही कमानींमध्ये खत साठवायचे, त्यातून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढायचे. आणि भिंतींवर अख्खं रान माजलेलं. त्यानंतर शंभरएक वर्षांनी, १८५५ मध्ये, रिचर्ड डीकिन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं नुसत्या कलोसियमवर उगवणाऱ्या वनस्पतींची यादी छापली, त्यात ४२० जाती भरल्या. १८७० मध्ये रोम इटलीत सामील झालं आणि पुढच्या काही वर्षांतच पुरातत्त्ववाल्यांनी ते सगळं खरवडून काढलं, देवळांसकट. दगडांसाठी ते बरंच झालं असेल, मुळं चुन्यात शिरतातच. पण रोबेरच्या कागदावरची ती ३ ३ ३ करत गेलेली रेघ म्हणजे त्या गेलेल्या रानाचा पुरावा आहे.

फोरमचं तर नावच तेव्हा वेगळं होतं. काम्पो व्हाचिनो, गाईंचं मैदान. प्राचीन रोमचं सगळं राजकारण जिथं चाललं त्या जागेवर शतकानुशतकांचा गाळ आणि राडारोडा साचला होता, वर गवत आणि गुरांचा बाजार. सेप्टिमियस सेव्हेरसची कमान अर्धीअधिक जमिनीत होती. कॅस्टर आणि पोलक्सच्या देवळाचे तीन खांब मैदानात नुसतेच उभे, आणि त्यांच्याजवळ ग्रॅनाइटचं एक अवाढव्य प्राचीन भांडं. त्यात गुरं पाणी प्यायची. ते भांडं १८१८ मध्ये उचलून क्विरिनाल टेकडीवर नेलं. आज इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यासमोर त्याचं कारंजं आहे. पर्यटक फोटो काढतात. गुरांच्या लाळेबद्दल कुणी काही सांगत नाही.

मी फोरममध्ये उभी राहिले तेव्हा सगळ्यात जास्त वेळ एका दारासमोर घालवला. अँटोनायनस आणि फॉस्टिना यांचं देऊळ, दुसऱ्या शतकातलं. समोर सिपोलिनो संगमरवराचे अखंड खांब, प्रत्येकी सतरा मीटर उंच. त्यांच्या आतच पुढे ख्रिस्ती लोकांनी सान लोरेंझोचं चर्च बसवलं. चर्चचं दार हिरवट, जुन्या कांस्याचं, आणि ते अधांतरी आहे. देवळाच्या चौथऱ्याच्याही कितीतरी वर, जिथं हात पोहोचायचा प्रश्नच येत नाही. दार उघडून कुणी पाऊल टाकलं तर थेट खाली. कारण साधं आहे: दार बसवलं तेव्हा जमीन तिथं होती. रोबेरच्या काळातले लोक गवतावरून चालत येऊन त्या दारातून आत जायचे. नंतर पुरातत्त्ववाल्यांनी जमीन खाली नेली आणि दार वर राहिलं. खांबांच्या वरच्या टोकाशी तिरप्या खाचा आहेत. दोर अडकवून ते पाडायचा प्रयत्न झाला असावा, असं सांगतात. खांब बधले नाहीत.

खोदायला नको होतं असं मी म्हणणार नाही. १८०३ मध्ये सेव्हेरसची कमान मोकळी करायला घेतली नसती आणि १८९८ पासून जाकोमो बोनी हा पुरातत्त्वज्ञ थर मोजत खाली गेला नसता, तर फोरमबद्दल आपल्याला निम्मंही कळलं नसतं. पण खोदणाऱ्यांनी एक निवड केली, आणि ती निवड होती हे आता कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. दुसऱ्या शतकातल्या रोमसाठी त्यांनी अठराव्या शतकातलं रोम काढून टाकलं. दोन्ही एकाच जागेवर ठेवता येत नव्हती. काढलेलं रोम कुठं गेलं? फ्रेंच पोरांच्या वह्यांत.

ऑक्टेव्हियाच्या देवडीचंही तसंच. ऑगस्टसच्या बहिणीच्या नावानं बांधलेल्या या संगमरवरी देवडीत मध्ययुगापासून मासळीबाजार भरायचा. भिंतीवर एक लॅटिन पाटी आहे, फारच व्यवहारी. या दगडापेक्षा लांब मासा आला तर त्याचं डोकं, पहिल्या परांपर्यंत, नगर-अधिकाऱ्यांना द्यावं असं तिच्यावर कोरलंय. ज्या घरात मासे खातात तिथं मोठ्या माशाच्या डोक्याची किंमत वेगळी सांगायला नको. अधिकारी सगळीकडचे सारखेच. रोबेरनं तो बाजार रंगवला आहे, फळ्या, छपरं, गर्दी, सगळ्यासकट. वर प्राचीन त्रिकोणी शीर्ष, खाली मासळी. आता तिथं वास येत नाही.

तर १७६५ मध्ये रोबेर पॅरिसला परतला आणि दोन वर्षांनी लूव्रमधल्या प्रदर्शनात पहिल्यांदा त्याची चित्रं लागली. तत्त्वज्ञ आणि कलासमीक्षक दिदेरोनं त्यांच्यावर पानंच्या पानं लिहिली. तो लेख छापायचा नव्हता. युरोपातल्या मोजक्या राजेरजवाड्यांकडे हातानं लिहून जाणाऱ्या पत्रिकेसाठी होता. दिदेरो भारावून गेला होता. भग्नावशेष बघून माझ्या मनात थोर विचार येतात, म्हणाला: सगळं नष्ट होतं, सगळं सरतं, उरतं ते जग, टिकतो तो काळ. आणि मग रोबेरला त्यानं शाळा शिकवली. तुझ्या चित्रांत माणसं फार आहेत. कमी कर. छातीवर हात बांधून, मान खाली घालून अंधारात भटकणारा एकच माणूस ठेवला असतास तर माझ्यावर जास्त परिणाम झाला असता.

लेख सुंदर आहे, आणि माझ्या मते सल्ला पूर्ण चुकीचा आहे. दिदेरो आयुष्यात कधी रोमला गेला नाही. त्याला भग्नावशेष हवे होते ते स्वतःच्या विचारांसाठी. त्या मान खाली घातलेल्या माणसाच्या जागी त्याला तो स्वतःच दिसत होता. रोबेर तिथं अकरा वर्षं उन्हात बसला होता. त्याला माहीत होतं की पडक्या देवळात कुणीही छातीवर हात बांधून उभं नसतं. तिथं कुणी शेळी बांधलेली असते, कुणी चूल मांडलेली असते, एखादा उपदेश करत असतो आणि दोघं जुगार खेळत असतात. काळ टिकतो हे खरंच, पण धुणंही टिकतं. साम्राज्य गेलं तरी सोमवारी कपडे धुवायचेच असतात. सुदैवानं रोबेरनं सल्ला फारसा मनावर घेतला नाही.

आता जरा उलट बाजूही सांगते, नाहीतर वाटेल की तो डोळ्यांना दिसेल तेच काढणारा साधाभोळा माणूस होता. फ्रान्समधल्या व्हालाँस गावच्या संग्रहालयात त्याची जवळजवळ शंभर लाल खडूची चित्रं आहेत. १८३५ मध्ये व्हेराँक नावाच्या एका संग्राहकानं ती गावाला दिली. त्यातलं एक १७७५ च्या आसपासचं: एक तरुण जमिनीवर बसून मांडीवरच्या फळीवर चित्र काढतोय, समोर बॉर्गेझे कलश हे प्राचीन संगमरवरी भांडं, त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर गेलेला, आणि मागे कलोसियम. चित्रात सगळं पटतं. पण तो कलश कलोसियमजवळ कधीच नव्हता. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला बॉर्गेझे घराण्याच्या बंगल्यात होता. उंचीही प्रत्यक्षात पावणेदोन मीटरच्या आत. शिवाय चित्र काढलं तेव्हा रोबेरला रोम सोडून दहा वर्षं झाली होती. जुन्या वह्या, ठसे आणि आठवण यांतून त्यानं पॅरिसमध्ये बसून रोम पुन्हा लावलं, सोयीनं.

याचा मला त्रास होत नाही. इमारती त्यानं हव्या तशा हलवल्या, पण त्यांच्यात माणूस कसा बसतो ते कधी खोटं काढलं नाही. त्या तरुणाची पाठ बघा. बराच वेळ एका जागी बसून काढणाऱ्याची पाठ अशीच वाकते, एक गुडघा वर, मान पुढे. मुंबईच्या जे. जे. त पिढ्यान्पिढ्या पोरं ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींसमोर बसली ती याच युरोपीय शिरस्त्यानं, आणि त्यांच्या पाठी काही वेगळ्या नसणार.

पुढे क्रांती आली. राजाच्या बागा सजवणारा, राजाकडून लूव्रमध्ये घर मिळालेला रोबेर १७९३ मध्ये तुरुंगात गेला. तिथं त्यानं कैद्यांच्या जेवणाच्या ताटल्यांवर चित्रं रंगवली. क्रांतीतल्या दहशतीचा सूत्रधार रोबेस्पिएर पडल्यावर सुटला, आणि लूव्रच्या नव्या संग्रहालयाची मांडणी ठरवणाऱ्या मंडळींत जाऊन बसला. १७९६ मध्ये त्यानं दोन चित्रं जोडीनं लावली. एकात लूव्रचं लांबलचक दालन छतातून उजेड घेऊन कसं सजवता येईल ते. दुसऱ्यात तेच दालन भविष्यात पडकं: छत गेलेलं, वर उघडं आकाश, कमानींवर झाडोरा. नोकरी करत असलेल्या जागेचं असं चित्र काढून वरिष्ठांसमोर टांगायचं म्हणजे धाडसच.

आणि त्या पडक्या लूव्रमध्ये माणसं आहेत. इकडेतिकडे वावरणारी, दगड उचकणारी, आणि मधोमध अपोलो बेल्व्हेदेरेच्या पुतळ्यासमोर बसून चित्र काढणारा एकजण. दिदेरो तोवर वारला होता, नाहीतर पुन्हा बोलला असता. गंमत म्हणजे १७९६ मध्ये अपोलो पॅरिसमध्ये नव्हताच. तो व्हॅटिकनमध्ये होता. नेपोलियननं पोपकडून तहात तो पदरात पाडून घेतला आणि १७९८ मध्ये तो मिरवणुकीनं पॅरिसात आला. म्हणजे आधी रोबेरनं तो कागदोपत्री आणला, मग सैन्यानं. बॉर्गेझे कलशाचंही तेच झालं. नेपोलियनचा मेहुणा बॉर्गेझे. त्याच्याकडून त्यानं घराण्याचा संग्रह १८०७ मध्ये विकत घेतला. रोबेर पुढच्याच वर्षी गेला. वॉटर्लूनंतर अपोलोला रोमला परत पाठवावं लागलं. कलश मात्र लूव्रमध्येच राहिला, आजही आहे. तो लुटीचा नव्हता, पैसे मोजून घेतलेला होता, मेहुण्याला नको म्हणायची कितपत सोय होती हा भाग सोडला तर.